पंधरा ऑक्टोबरच्या आत

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात कटाडिन नावाचा एक पर्वत आहे. उंची ५,२६७ फूट. हिमालयाची छायाचित्रे पाहिलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. तथापि दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये तीन हजारांहून अधिक माणसे या पर्वताच्या माथ्यावर पोहोचण्याच्या इराद्याने दक्षिणेतील जॉर्जिया राज्यातून पायी निघतात, आणि त्यांतील जेमतेम चौथा हिस्सा चालण्याचा संकल्प पूर्ण करतो. वाट सुमारे २,२०० मैलांची, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरची आहे. ती चौदा राज्यांतून जाते. तिचे नाव ॲपलाचियन ट्रेल.

या प्रवासाला एक मुदत आहे. कटाडिन ज्या बॅक्स्टर राज्य उद्यानात उभा आहे, तेथील हंगाम ऑक्टोबरच्या मध्यावर आटोपतो. त्यानंतर उद्यानात मुक्कामास मनाई असते. आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी पहाटे चढून संध्याकाळच्या आत उतरावे, एवढीच मुभा उरते, आणि बर्फ पडला की तीही जाते. म्हणून दक्षिणेहून येणारे पदयात्री पिढ्यान्‌पिढ्या १५ ऑक्टोबर ही तारीख धरून चालत आले आहेत. हुंडीची मुदत टळली तर निदान चार शब्द बोलून सवलत मागता येते. येथे ज्याच्याशी बोलणे करायचे, तो हिवाळा असतो.

हिशेब अगदी साधा आहे. १५ एप्रिलला निघालेल्या माणसाच्या हाती १५ ऑक्टोबरपर्यंत १८३ दिवस असतात. सरासरी दिवसाला बारा मैल पडतात. आठवड्यातून एक दिवस विश्रांती, शिधा खरेदी व कपडे धुणे यांत गेला, तर उरलेल्या दिवसांना चौदा मैल चालावे लागते. चौदा मैल म्हणजे साडेबावीस किलोमीटर, पाठीवर बारा-पंधरा किलोंचे ओझे, आणि वाट सपाट नव्हे, सतत चढउताराची. या वाटेवरील सर्व चढ एकत्र केले तर माणूस समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टवर सोळा वेळा चढल्याइतकी उंची भरते. कागदावर शिल्लक दिसते. परंतु ती खर्च होते ती अखेरच्या भागात. कारण वाटेचा सर्वांत अवघड टप्पा, न्यू हॅम्पशायर आणि मेन ही दोन राज्ये, नेमका शेवटी येतो. व्हर्जिनियात दिवसाला वीस मैल चालणारा तरुण येथे दहावर येतो. या दोन राज्यांतील अंतर सुमारे ४४० मैल. अकरा मैलांच्या चालीने चाळीस दिवस लागतात. म्हणजे न्यू हॅम्पशायरच्या वेशीवरील हॅनोव्हर गाव सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाठलेच पाहिजे.

ही वाट आखण्याची कल्पना एका दुःखी माणसाला सुचली. बेंटन मॅकाय हा व्यवसायाने वनतज्ज्ञ. १९२१ च्या एप्रिलमध्ये त्याच्या पत्नीने आत्महत्या केली. ती स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेली कार्यकर्ती होती. एका संपादक मित्राने मॅकायला न्यू जर्सीतील आपल्या घरी बोलावून घेतले. तेथे त्याने जे टिपण लिहिले, ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कारखान्यांत व शहरांत पिचलेल्या माणसाला वर्षातले काही दिवस डोंगरावर श्वास घेता यावा, वाटेवर निवारे असावेत, श्रमदानाच्या छावण्या असाव्यात, असा त्याचा विचार होता. दोन-अडीच हजार मैल सलग चालण्याची कल्पना त्यात मुळीच नव्हती. पुढे हजारो माणसे या वाटेचा उपयोग ज्या रीतीने करू लागली, ती रीत तिच्या जनकाच्या योजनेत कोठेही बसत नाही, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

कल्पना मॅकायची असली तरी प्रत्यक्ष वाट उभी केली ती मायरन एव्हरी या वकिलाने. हा गृहस्थ सायकलच्या चाकासारखे मोजचाक ढकलीत डोंगर तुडवायचा आणि मैल-मैल नोंदवून ठेवायचा. त्याचा स्वभाव करडा. मॅकायशी त्याचे इतके बिनसले की पुढे दोघांचे बोलणे खुंटले. मूळ आराखड्यात वाटेचे उत्तर टोक न्यू हॅम्पशायरमधील माउंट वॉशिंग्टन हे होते. एव्हरी मेनचा सुपुत्र. त्याने आग्रह धरून ती कटाडिनपर्यंत नेली. १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेनमधील शेवटचा तुकडा जोडला गेला आणि वाट अखंड झाली. आज तिची निगा स्थानिक मंडळे राखतात, आणि त्यांतले बहुतेक काम बिनपगारी माणसे करतात. दोन इंच रुंद व सहा इंच उंच अशी पांढरी पट्टी झाडांवर, खडकांवर, पुलांच्या कठड्यांवर रंगवलेली असते. अशा दीड लाखाहून अधिक पट्ट्या या वाटेवर आहेत. पदयात्री नकाशापेक्षा त्यांवर अधिक विसंबतो.

कटाडिनच्या मालकीची कथा व्यापारी घराण्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. पर्सिव्हल बॅक्स्टर याचे वडील पोर्टलंड शहरातील धनाढ्य उद्योजक. डबाबंद खाद्यपदार्थांच्या धंद्यात त्यांनी संपत्ती मिळवली होती. पर्सिव्हल राजकारणात शिरला आणि १९२१ ते १९२५ या काळात मेनचा राज्यपाल झाला. कटाडिन आणि भोवतालचे जंगल तेव्हा कागद बनवणाऱ्या ग्रेट नॉर्दर्न कंपनीच्या मालकीचे होते. ही जमीन राज्याने विकत घेऊन राखून ठेवावी, म्हणून बॅक्स्टरने विधिमंडळात वर्षानुवर्षे खटपट केली. विधिमंडळाने दर वेळी नकार दिला. पद सुटल्यावर त्याने सार्वजनिक निधीचा नाद सोडला आणि आपल्या खाजगी पैशातून खरेदी सुरू केली. १९३० मध्ये त्याने कटाडिनसह ५,९६० एकर जमीन २५,००० डॉलरना घेतली आणि १९३१ मध्ये ती राज्याला दान दिली. अट एकच. ही भूमी कायम नैसर्गिक, वन्य स्थितीत राहिली पाहिजे.

तेवढ्यावर तो थांबला नाही. तुकड्या-तुकड्याने, कधी वाटाघाटींत वर्षे घालवून, तो जमीन घेत राहिला आणि देत राहिला. हा क्रम १९६२ पर्यंत चालला. दान केलेली जमीन अखेरीस दोन लाख एकरांवर गेली. शिवाय तिच्या देखभालीसाठी राज्याच्या तिजोरीकडे हात पसरावा लागू नये, म्हणून त्याने वेगळा विश्वस्त निधी ठेवला. अविवाहित राहिलेला हा माणूस १९६९ मध्ये, ब्याण्णव वर्षांचा असताना वारला. दानपत्रातील भाषा इतकी काटेकोर आहे की आजही उद्यानात किती मोटारी सोडायच्या, माथ्यावर किती माणसांनी एका वेळी जायचे, पाळीव कुत्रा न्यायचा की नाही, हे सारे त्या अटींच्या प्रकाशात ठरते. कुत्र्याला मज्जाव आहे. सहा महिने धन्याबरोबर चाललेला इमानी कुत्रासुद्धा शेवटच्या दिवशी पायथ्याच्या गावात ठेवून जावा लागतो. पदयात्री कुरकुरतात; उद्यान बधत नाही. दान देताना अटी स्पष्ट लिहाव्यात आणि त्या पाळण्यासाठी पैसाही मागे ठेवावा, ही दूरदृष्टी आपल्याकडील कित्येक न्यासांच्या संस्थापकांना साधलेली नाही.

आता प्रत्यक्ष चालण्याकडे वळावे. या प्रवासाला महिन्याकाठी हजार डॉलरच्या पुढे खर्च येतो. तंबू, पिशवी, झोपण्याचा गुंडाळा, बूट यांची सुरुवातीची गुंतवणूक निराळी. त्यातून सहा महिन्यांचे उत्पन्न बुडते. म्हणून चालणाऱ्यांत दोन वर्ग ठळक दिसतात. एक, नुकते महाविद्यालय सोडलेले तरुण. दुसरा, नुकतेच निवृत्त झालेले. मधल्या वयाची माणसे संसाराला जुंपलेली असतात.

पाठीवरच्या ओझ्याचा विचार येथे जितक्या बारकाईने होतो, तितका सराफाच्या तराजूवरही क्वचित होत असेल. दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापून टाकणारे लोक आहेत. नवखा माणूस पहिल्या आठवड्यात जे जे नेतो, त्यातले निम्मे पहिल्या टपाल कचेरीतून घरी परत धाडतो. शिधा दिवसाला सुमारे एक किलो धरतात. ओट्स, झटपट शिजणाऱ्या शेवया, तांदूळ, शेंगदाण्याचे लोणी, सुकामेवा, चॉकलेट. वजनाच्या मानाने उष्मांक अधिक देणारे तेवढेच न्यायचे. शरीर रोज चार ते सहा हजार उष्मांक जाळते आणि एवढे पाठीवरून वाहून नेणे शक्य नसते, त्यामुळे तूट पडतच राहते. ती तूट अंगातली चरबी भरून काढते. ऑगस्टअखेर चरबी संपलेली असते. नेमकी तेव्हाच थंडी सुरू होते.

दर चार-सहा दिवसांनी वाट एखाद्या रस्त्याला छेदते. तेथून गावात जायचे, दुकानातून माल भरायचा, जमल्यास अंघोळ करायची. अमेरिकी टपाल खात्याची एक सोय येथे फार उपयोगी पडते. आपल्या नावाचे पार्सल कोणत्याही गावच्या कचेरीत पाठवून ठेवता येते. ओळखपत्र दाखवून ते सोडवून घ्यायचे. वसंत संपला की पदयात्री जाड पांघरूण व लोकरी कपडे घरी पाठवतात, आणि न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांआधी ग्लेनक्लिफसारख्या खेड्यातील कचेरीत ते परत मागवतात. हे पार्सल मागवायला जो आळस करतो, त्याची किंमत त्याला पुढे मोजावी लागते.

पेनसिल्व्हेनियात पाइन ग्रोव्ह फर्नेस येथे, अर्ध्या वाटेच्या आसपास, एक गमतीचा विधी आहे. तेथील दुकानातून अर्धा गॅलन, म्हणजे जवळजवळ दोन लिटर आइस्क्रीम घेऊन एका बैठकीत संपवायचे. भुकेची ही कळा अन्य कोणाला समजायची नाही. पुढे न्यू जर्सीतील सुमारे बहात्तर मैल लागतात. त्या राज्यात मराठी व गुजराती कुटुंबांची मोठी वस्ती आहे. रविवारी मुलांना घेऊन तासभर याच पायवाटेवर फिरणाऱ्या आपल्या माणसांना, समोरून येणारा दाढी वाढलेला, घामाच्या वासाचा तरुण जॉर्जियाहून चालत आला आहे, हे सांगून खरे वाटत नाही.

शरद ऋतू या डोंगरांत दोन दिशांनी येतो, उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि माथ्यावरून खोऱ्याकडे. दिवस लहान झाले आणि रात्री गार पडू लागल्या की झाड पानांतील हरितद्रव्य नव्याने बनवणे थांबवते. हिरवा रंग ओसरला की पानात मुळातच असलेला पिवळा उघडा पडतो. बर्च झाडे अशी पिवळी होतात. मेपलचा लाल रंग मात्र नव्याने तयार होतो. देठाशी बुचासारखा थर धरू लागतो, साखर पानातच अडकते, आणि ऊन लख्ख पण रात्र थंड असेल तर त्या साखरेपासून तो रंग चढतो. ज्या वर्षी पावसाळी, ढगाळ सप्टेंबर असतो, त्या वर्षी लाली फिकी. मेनच्या दलदलीत टॅमरॅक नावाचे सूचिपर्णी झाड आहे. सूचिपर्णी असूनही ते ऑक्टोबरात सोनेरी होते आणि सुया गाळून उघडे राहते. उत्तरेकडे जाणारा यात्री या रंगाला सामोरा जातो. वसंत ऋतूत तो फुलोऱ्याच्या बरोबरीने निघालेला असतो. शरदात पानगळ त्याच्याकडे येते.

हे दृश्य पाहायला मोटारींची रांग लागते. मोटारीतून दिसत नाही ती दुसरी बाजू. गळालेल्या पानांखाली वाट बुजते, आणि वाटेबरोबर तीक्ष्ण खडक व मुळेही झाकली जातात. ओले पान बर्फाइतके निसरडे असते. पाय मुरगळण्याचे प्रकार वाढतात, आणि अशा वेळी झाडावरच्या पांढऱ्या पट्टीखेरीज दुसरा आधार नसतो. दिवसही आक्रसतो. कटाडिनच्या परिसरात जूनमध्ये साडेपंधरा तासांचा असलेला दिवस ऑक्टोबरच्या मध्याला जेमतेम अकरा तासांचा होतो. ज्याला दहा तास चालायचे आहे, त्याने अंधारात उठून तंबू गुंडाळायचा. मूस हा घोड्याएवढा सांबरवर्गीय प्राणी एरवी माणसाच्या वाटेस जात नाही. पण सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्याचा माजाचा काळ, तेव्हा नरापासून दूर राहावे लागते. शिकारीचा हंगामही याच दिवसांतला. जंगलातून चालणाऱ्याने अंगावर भडक नारिंगी कापड घालावे, असा दंडक आहे. निरुपद्रवी माणसाला आपण प्राणी नाही हे असे ओरडून सांगावे लागते, हा त्या प्रदेशाचा रिवाज.

सर्वांत मोठा धोका मात्र पावसाचा. सुकी थंडी सोसता येते. पाच-सात अंश तापमान, जोडीला वारा आणि सततचा पाऊस, ही तिन्ही एकत्र आली की शरीराची उष्णता झपाट्याने निघून जाते. सुती कपडा भिजला की ऊब धरत नाही, उलट शोषून घेतो. आधी थरथर सुटते, मग बोटे ऐकेनाशी होतात, मग बोलणे अडखळते. त्यापुढची पायरी अधिक वाईट. माणसाला आपली शुद्ध हरपत आहे याचेच भान राहत नाही. थरथर थांबते तेव्हा त्याला बरे वाटू लागते. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावरील वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ रोजी वाऱ्याचा वेग ताशी २३१ मैल नोंदला गेला होता. ६,२८८ फुटांच्या या डोंगरावर वर्षाच्या कोणत्याही महिन्यात बर्फ पडू शकते, आणि त्याच्या परिसरात आजवर दीडशेहून अधिक माणसे दगावली आहेत. वाटेचे कित्येक मैल येथे झाडांच्या रेषेच्या वर, उघड्या दगडांवरून जातात. ढग उतरले की एका दगडी खुणेवरून पुढची खूण दिसत नाही.

हॅनोव्हरला सप्टेंबरच्या अखेरीस पोहोचलेल्या यात्रीसमोर म्हणून एक कठीण निर्णय उभा राहतो. सतराशे-साडेसतराशे मैल मागे पडलेले असतात. पाच महिने ज्या शिखराचे चित्र डोळ्यांसमोर ठेवले, ते आता मुदतीत हाती येणार नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन बसले की कळते. अशा वेळी शहाणी माणसे एक तोड काढतात. बसने, मोटारीने थेट मेनमध्ये जायचे, कटाडिनवर आधी चढायचे आणि तेथून उलट दक्षिणेकडे चालत हॅनोव्हरला यायचे. अंतर तेवढेच भरते, वाट पूर्ण झाल्याची नोंदही रीतसर होते. पण शेवट होतो तो एखाद्या महाविद्यालयीन गावातील रस्त्याच्या कोपऱ्यावर. माथा नाही, पाटी नाही, छायाचित्र नाही. नावापुरते पाहिले तर यात तोटा काहीच नाही. तरीही कित्येकांना ते पटत नाही आणि ते थंडीच्या तोंडावर तसेच पुढे रेटतात. अडकलेला पैसा सुटेल या आशेने बुडत्या मालात आणखी भांडवल घालणारा व्यापारी ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांना ही मनःस्थिती सांगायला नको.

तिसरा मार्गही आहे. जेथे पोहोचलो तेथे थांबायचे आणि पुढल्या वर्षी यायचे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण एमा गेटवुड या बाईंचे. ओहायो राज्यातील शेतकरी कुटुंबात त्यांचे आयुष्य गेले. अकरा मुले आणि हात उगारणारा नवरा. मार असह्य झाला की त्या घरामागच्या रानात जाऊन बसत. पुढे त्यांनी घटस्फोट घेतला, मुले वाढवली, नातवंडे झाली. एका सचित्र मासिकात या वाटेविषयीचा लेख त्यांच्या वाचनात आला. त्यात वाट सोपी असल्याचे आणि दर दिवसाच्या अंतरावर निवारा असल्याचे वर्णन होते. १९५४ च्या उन्हाळ्यात त्या घरी काही न सांगता कटाडिनहून दक्षिणेकडे निघाल्या आणि मेनच्या जंगलात वाट चुकल्या. चष्मा फुटला, अन्न संपले. वनरक्षकांनी शोधून काढून घरी परत जाण्याचा सल्ला दिला. साठी उलटलेल्या बाईला दुसरे कोण काय सांगणार?

त्या परत गेल्या. झाल्या प्रकाराचा घरी उच्चार केला नाही. ३ मे १९५५ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्या पुन्हा निघाल्या. या वेळी दक्षिणेकडून, त्या काळी वाटेचे टोक असलेल्या माउंट ओगलथॉर्पवरून. मुलांना एवढेच सांगितले की जरा फिरून येते. खांद्याला हाताने शिवलेली जाड कापडाची पिशवी, पायांत कॅनव्हासचे साधे बूट, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा, एक घोंगडी. तंबू नाही, नकाशा नाही. रात्री निवारा मिळाला तर ठीक, नाहीतर एखाद्या घराच्या ओसरीवर, नाहीतर पाचोळ्याच्या ढिगावर. ऑगस्टमध्ये एकापाठोपाठ दोन चक्रीवादळे त्या भागावर आली. ओढे फुगले, काही ठिकाणी त्यांना इतरांच्या मदतीने पाणी ओलांडावे लागले. वर्तमानपत्रांना सुगावा लागला तेव्हा कोठे मुलांना आईचा पत्ता कळला. १४६ व्या दिवशी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, त्या कटाडिनवर उभ्या राहिल्या. एकटीने एका हंगामात ही वाट पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले. मासिकाने वर्णिलेली सोपी वाट त्यांना कोठेही भेटली नव्हती, आणि हे त्यांनी बातमीदारांना खडसावून सांगितले. १९५७ मध्ये त्या पुन्हा संपूर्ण वाट चालल्या, आणि पुढे तुकड्या-तुकड्याने तिसऱ्यांदा. पाठीवरची पिशवी किती हलकी असावी, याचे धडे आज महागड्या दुकानांतून दिले जातात. ते या आजीबाईंनी शिवणयंत्रावर सोडवून ठेवले होते.

त्यांच्याही आधी १९४८ मध्ये अर्ल शॅफर हा पेनसिल्व्हेनियाचा तरुण ४ एप्रिलला निघून १२४ दिवसांत कटाडिनला पोहोचला. दुसऱ्या महायुद्धात तो पॅसिफिकमध्ये होता. ज्या बालमित्राबरोबर ही वाट चालायचे ठरले होते, तो इवो जिमाच्या लढाईत मारला गेला. मनात साचलेले युद्ध चालून बाहेर काढावे, एवढाच त्याचा हेतू. वाट एका दमात चालणे अशक्य, असे खुद्द वाट राखणाऱ्या संस्थेतील जाणकारांना वाटत होते. म्हणून त्याच्याकडून रोजनिशी व छायाचित्रे मागवून त्याची कसून उलटतपासणी झाली, आणि मगच त्याचा दावा मान्य झाला. हाच माणूस बरोबर पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये, पुन्हा निघाला. वय एकोणऐंशी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो शिखरावर पोहोचला, तेव्हा ऐंशीव्या वाढदिवसाला अडीच-तीन आठवडे उरले होते. पन्नास वर्षांत वाट अकारण अवघड करून ठेवली आहे, अशी त्याची तक्रार होती, आणि ती सर्वस्वी चुकीची म्हणता येत नाही. मूळची वाट कित्येक ठिकाणी गाड्यांच्या रस्त्यांवरून जाई. पुढे जमिनी संपादून ती डोंगरांच्या कण्यावर चढवण्यात आली.

मेनमधील मॉन्सन या गावानंतर शंभर मैल एकही गाव नाही. आरंभी पाटी आहे. दहा दिवसांचा शिधा असल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये, असे ती बजावते. नद्यांवर पूल नाहीत. दोर धरून किंवा कमरेएवढ्या पाण्यातून जावे लागते. त्यापूर्वी केनेबेक ही मोठी नदी लागते. तिच्यावरील धरणातून पाणी सुटले की पातळी झपाट्याने वाढते. १९८५ मध्ये एक पदयात्री येथे बुडाली. तेव्हापासून हंगामात नावाडी ठेवलेला असतो, आणि त्याच्या होडीच्या तळावर पांढरी पट्टी रंगवलेली असते, कारण अधिकृत वाट आता पाण्यावरून जाते.

शंभर मैल संपतात तेथे ॲबॉल पुलावरून कटाडिन समोर दिसतो. पेनॉबस्कॉट लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थच सर्वांत मोठा पर्वत असा आहे. पायथ्याच्या मुक्कामी वनरक्षकाच्या ओसरीवर मोठ्या पाठपिशव्या ठेवायच्या आणि तेथल्याच लहान पिशव्या उसन्या घ्यायच्या. पाच मैलांत चार हजार फूट चढ. मध्ये प्रचंड शिळांवर लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत. हातांनी ओढून घेत वर जावे लागते. त्यानंतर एकाएकी सपाट, उजाड पठार येते. १८४६ च्या सप्टेंबरमध्ये लेखक थोरो या पर्वतावर आला होता. ढगांनी त्याला शिखर दिसू दिले नाही आणि तो अर्ध्यावरून परतला. आजही पठारावर पोहोचून, शेवटचा मैल-दीड मैल उरला असताना, वारा पाहून माघारी फिरणारे यात्री असतात. पहाटे पायथ्याला लावलेला हवामानाचा फलक वाचूनही चढलेले असतात ते.

जे पोहोचतात, ते झिजलेल्या लाकडी पाटीला हात लावतात. बहुतेक जण रडतात. मग त्याच वाटेने पाच मैल उतरावे लागते, आणि उतार चढापेक्षा गुडघ्यांना अधिक छळतो. संध्याकाळी ते मिलिनॉकेट गावात येतात. हे गाव कागद गिरणीभोवती वसले होते. बॅक्स्टरला डोंगर विकणारी ती कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि गावातली गिरणी २००८ मध्ये बंद पडली. आता तेथील खानावळी व वसतिगृहांना हंगामात या पदयात्र्यांचा आधार असतो.

त्याच दिवशी, आठ-नऊशे मैल दक्षिणेला, उलट्या दिशेचे यात्री अजून चालत असतात. ते जूनमध्ये कटाडिनवरून निघालेले. त्यांच्या मागे रंग येतो, पुढे उघडी झाडे नसतात. पानगळ त्यांच्याच वेगाने दक्षिणेकडे सरकते. त्यांची संख्या थोडी. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस हेलीन चक्रीवादळाने टेनेसी व नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत शेकडो मैल वाट झाडांखाली गाडली, तेव्हा पुढे जाऊ नका असा निरोप या दक्षिणगामी यात्र्यांना मध्येच गाठावा लागला. अर्विन गावाजवळ नोलिचकी नदीचा पूल वाहून गेला. ज्यांची वाट तेथे तुटली, त्यांतील अनेकांनी उरलेले मैल पुढील हंगामासाठी राखून ठेवले आणि घरची बस धरली.